कच्चा मासा आणि आजीचे तीन प्रश्न: हवाईच्या पोकेपासून लोधिवलीच्या सुकटीपर्यंत

१/
हवाई बेटांवर ‘पोके’ नावाचा पदार्थ खातात. ताज्या समुद्री माशाचे लहान चौकोनी तुकडे, त्यांना चोळलेले मीठ, थोडे समुद्रशेवाळ आणि भाजलेल्या बियांची पूड, एवढाच त्याचा मूळ संसार. चुलीशी त्याचा संबंध येत नाही. गेल्या दशकभरात हा पदार्थ जगभरच्या शहरांतील उपाहारगृहांत पोहोचला आहे. मात्र खालापूर तालुक्यातील लोधिवलीसारख्या गावात तो घरी करून पाहुण्यांना वाढायचा म्हटले, तर पाककृतीच्या आधी मीठ, बर्फ, रस्ते आणि करपद्धती यांचा इतिहास चाळावा लागतो. हा धागा त्या इतिहासाचा.

२/
‘पोके’ हा हवाईयन भाषेतील शब्द. अर्थ ‘आडवे कापणे, तुकडे करणे’. म्हणजे पदार्थाला नाव मिळाले ते सुरीच्या कामावरून. पॉलिनेशियन दर्यावर्दी सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वी या बेटांवर स्थायिक झाले. समुद्र दाराशी आणि मासेमारी नित्याची, त्यामुळे होडी काठाला लागताच मासा कापून, मीठ लावून खाणे ही तेथे चैन नव्हती. ते कामकरी माणसाचे रोजचे जेवण होते.

३/
या पदार्थातील मीठ विशेष आहे. कौआई बेटावरील हानापेपे येथे मातीच्या वाफ्यांत खारे पाणी आटवून मीठ काढण्याची परंपरा काही कुटुंबे आजही चालवतात. हे मीठ विकायचे नाही, आप्तेष्टांना द्यायचे, असा त्यांचा संकेत आहे. दुसरा घटक कुकुई. आपल्याकडे ज्याला जंगली अक्रोड म्हणतात तोच हा वृक्ष. त्याच्या बिया भाजून, मीठ घालून कुटल्या की ‘इनामोना’ हे तोंडीलावणे तयार होते. भाजल्याविना या बिया पोट बिघडवतात, हे ज्ञानही त्या कृतीत आले.

४/
पोकेसोबत भात ही नंतरची सवय. जुना जोडीदार ‘पोई’: उकडून कुटलेल्या कंदाचा लगदा. हा कंद म्हणजे ‘कालो’, आणि कालो म्हणजे आपला अळू. दोन्ही एकाच वनस्पतीची नावे. हवाईच्या पुराणकथेत अळू हा माणसाचा थोरला भाऊ मानला आहे. धाकट्याने त्याची निगा राखावी, थोरल्याने त्याला पोसावे. रायगडच्या परसात सांडपाण्याच्या कडेला वाढणाऱ्या अळवाला प्रशांत महासागरात एवढा मान आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही.

५/
१७७८ मध्ये कॅप्टन जेम्स कुक हवाईला पोहोचला आणि बेटांचा बाहेरच्या जगाशी संबंध वाढत गेला. पुढे उसाचे मळे आले, मळ्यांसाठी मजूर आले. १८५२ पासून चिनी, १८६८ मध्ये जपान्यांची पहिली लहान तुकडी, आणि १८८५ पासून करारावर आलेले हजारो जपानी. सोया सॉस, तिळाचे तेल आणि कच्च्या माशाची त्यांची स्वतःची रीत या मजुरांच्या शिदोरीतून आली. कांदा पाश्चात्त्यांकडून आला. आज ज्याला ‘अस्सल हवाईयन’ म्हणून वाढले जाते, त्या वाडग्यात मळ्यांवरील वेठीचाही अंश आहे.

६/
घटक बदलले तरी पदार्थाचा पाया बदलला नाही. तो पाया म्हणजे मासा पाण्याबाहेर आल्यापासून ताटात पडेपर्यंतचा अवधी. मासा कोणी पकडला, कोणत्या वेळी पकडला, हे खाणाऱ्याला ठाऊक असे. बहुधा पकडणारा घरातलाच असे. अग्नी जी हमी देतो, ती येथे जवळीक देत होती. म्हणून कच्चा मासा खाणारे समाज जगात बहुधा पाण्याच्या काठावर आढळतात. काठापासून दूर गेले की तो मासा एक तर आंबतो, खारतो, धुरावतो, नाही तर वाळतो.

७/
आता लोधिवली. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, पनवेल आणि खोपोली यांच्या दरम्यानचे हे गाव. आसमंतात इर्शाळगड, माणिकगड आणि कर्नाळा. जवळून वाहणारी पाताळगंगा पुढे धरमतरच्या खाडीस मिळते. खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राचे पाणी १९१५ पासून या नदीत सोडले जाऊ लागले आणि ती बारमाही झाली. तिच्या भरवशावर रसायनी-पाताळगंगा परिसरात पुढे कारखाने उभे राहिले. समुद्र नकाशावर जवळ दिसतो. बैलगाडीच्या हिशेबाने मात्र तो बराच दूर होता.

८/
एकोणिसाव्या शतकात मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी गलबताने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून घाटाची वाट धरी. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्ये लोहमार्ग कल्याणहून कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत आला. माल वाहतुकीची गती वाढली. परंतु कोकणच्या उन्हाळ्यात बर्फाविना ठेवलेला मासा काही तासांतच उतरतो, आणि ही मर्यादा रस्त्याने वा रुळाने ओलांडता येत नव्हती.

९/
बर्फ मुंबईत आला होता, पण कोणासाठी? १८३० च्या दशकात अमेरिकेच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ जहाजाने मुंबईस उतरू लागला. तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या आणि धनिक शेटियांच्या मेजवान्यांत पेयांसाठी वितळला. कोळिणीच्या पाटीत तो पडण्यास अनेक दशके जावी लागली. कारखान्यात बर्फ तयार होऊ लागल्यावर आणि मोटारगाड्या धावू लागल्यावरच ताजा समुद्री मासा घाटाच्या पायथ्याच्या गावांना नित्याचा झाला.

१०/
तोवर या गावांत समुद्र पोहोचला तो वाळलेल्या रूपात. जवळा, सुकट, सोडे, सुके बोंबील, वाकट्या, खारा बांगडा. यांतील प्रत्येकाची रीत निराळी. जवळा खळ्यावर पसरून वाळवतात. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या मांडवावर ताणलेल्या दोऱ्यांवर टांगतात. त्यांना मीठ लागत नाही, ऊन आणि वारा पुरतो. बांगडा मात्र चिरून, मीठ भरून मगच वाळवावा लागतो. बोंबलात पाण्याचा अंश इतका अधिक की वाळल्यावर हातात जवळजवळ केवळ चव उरते.

११/
खारवण्यास मीठ लागते आणि मिठावर सरकारचा डोळा होता. पेण, उरण, पनवेल परिसरातील मिठागरांत आगरी समाजाच्या पिढ्या राबल्या. समाजाचे नावच ‘आगर’ या शब्दाशी जोडले जाते. ब्रिटिश राजवटीत मिठावर कर बसला. फ्रान्सिस डे यांनी भारत आणि ब्रह्मदेशातील सागरी मत्स्यव्यवसायावर १८७३ मध्ये जो अहवाल दिला, त्यात महाग मिठामुळे मासे खारवण्याच्या उद्योगाची होणारी कुचंबणा मांडली आहे. पुढे सरकारी देखरेखीखाली खारवणीची आवारे उघडून तेथे स्वस्त मीठ देण्याची व्यवस्था झाली. मिठावरील कर सुटला तो १९४७ मध्ये.

१२/
हानापेपेचे वाफे आणि पेणचे वाफे यांत तत्त्वतः भेद नाही: भरतीचे पाणी, ऊन आणि पावडीने मीठ ओढणारे हात. एका ठिकाणी मीठ नातलगांत वाटण्याची वस्तू राहिली. दुसऱ्या ठिकाणी ते राज्याच्या महसुलाचे खाते बनले. वाळलेल्या माशाची चव ठरवताना निसर्गाइतकाच कायद्याचाही हात असतो, हे अशा तुलनेतून दिसते.

१३/
या व्यवहाराचे वार्षिक पंचांग म्हणजे ‘आगोट’. पाऊस लागण्यापूर्वी घरात चार महिन्यांची बेगमी करायची: तांदूळ, सरपण, मसाला, मीठ, आमसुले आणि सुकी मासळी. खवळलेल्या समुद्रात होड्या जात नसत. आजही पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस सामान्यतः १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्रास नारळ अर्पण करतात, तोवर घाटाच्या पायथ्याची घरे डब्यातल्या बोंबलावर आणि सुकटीवर दिवस काढीत.

१४/
पावसाळ्यात ताजा मासा नव्हताच असे नाही. पहिल्या पावसात ओढ्या-शेतांत चढणाऱ्या ‘वलगणी’च्या माशांची धांदल कर्जत-खालापुरात आजही उडते. कातकरी आणि ठाकर समाजाचे नदीओढ्यांचे ज्ञान यात सर्वांच्या पुढे. पण हे मासे, खेकडे, मुठे आगीवरूनच ताटात येतात. गोड्या पाण्यातील माशात माणसाच्या शरीरात घर करणारे परजीवी असू शकतात. शास्त्राने ते सूक्ष्मदर्शकातून पुढे पाहिले. चुलीने त्याचा बंदोबस्त आधीच केला होता. नदीचा मासा पोकेसाठी कधीही वापरू नये, हे येथे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे.

१५/
मासा मुरवणे ही कला मात्र आपल्याकडे प्राचीन आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात (इ.स. ११२९ च्या सुमारास) माशांचे प्रकार, गळाची करमणूक आणि माशाच्या पाककृती आहेत, त्यांत चिंचेच्या आंबटाचाही उपयोग आहे. कोकणी स्वयंपाकघरात मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ लावून मासा बाजूला ठेवणे ही तर नित्याची पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे तवा किंवा कालवण, आणि ती चुकवलेली नाही.

१६/
येथे एक गैरसमज दूर करायला हवा. लिंबाने किंवा आगळाने मासा पांढरट, घट्ट होतो म्हणून तो ‘शिजला’ असे वाटते. आम्लामुळे प्रथिनांची रचना बदलते हे खरे. पण सर्व परजीवी आणि जिवाणू त्याने मरत नाहीत. मीठही थोड्या वेळात ते काम करीत नाही. पोकेतील मीठ-मसाला चवीसाठी असतो, संरक्षणासाठी नसतो. संरक्षण माशाच्या आधीच्या प्रवासातच झालेले असावे लागते.

१७/
समजा, लोधिवलीतील एका घरात नवी मुंबईच्या हॉटेलात काम करणारी नात सुट्टीवर आली आहे. घरी पाहुणे यायचे आहेत आणि पोके करण्याचा तिचा बेत आहे. मासा शिजवायचा नाही हे ऐकल्यावर आजी हसणार नाही किंवा रागावणारही नाही. ती विचारील: “बाय, मासा आला कुठून? पाण्याबाहेर कधी निघाला? आणि मधल्या वेळात कुठं होता?” सुकटीवाल्या कोळिणीशी घासाघीस करताना ती आयुष्यभर हेच विचारत आली आहे.

१८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे प्रश्न ओळखीचे वाटतील. जुना कागद हाती आला की त्यालाही हेच विचारायचे असते: लिहिला कुठे, कधी, आणि आजवर कोणाकोणाच्या हातून गेला. साखळीतला एक दुवा अज्ञात असला तर कागदावर भरवसा ठेवता येत नाही. कच्च्या माशाचेही तसेच. नातीजवळ आजीच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे असतील, तरच सुरी हाती घ्यावी.

१९/
ती उत्तरे आज अशी मिळतात. मासा समुद्रातला हवा. पोकेसाठी रूढ मासा पिवळ्या पराचा ट्यूना, म्हणजे आपला कुपा. तो कच्चा खाण्यासाठीच प्रक्रिया केलेला आणि गोठवण्याची नोंद असलेला घ्यावा. परजीवी मारण्यासाठी अमेरिकी अन्न प्रशासनाचा दंडक उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना गोठवून त्याच तापमानात १५ तास असा आहे. घरगुती शीतकपाट साधारण उणे १८ अंशांपर्यंतच जाते, तेही दार उघडेपर्यंत. म्हणून हे काम घरी होत नाही. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावरील मासळी उत्तम असली तरी ती शिजवून खाण्यासाठी विकली जाते.

२०/
गोठवल्याने परजीवी मरतात, जिवाणू नुसते थांबतात. शिवाय कुपा, बांगडा यांसारखे मासे थोडा वेळ उष्णतेत राहिले की त्यांत हिस्टामिन साचते. ते मग शिजवूनही जात नाही आणि खाणाऱ्यास अंगावर चट्टे, डोकेदुखी, उलट्या होऊ शकतात. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि आजाराने प्रतिकारशक्ती घटलेली माणसे यांना कच्चा मासा वाढू नये. पाहुणचाराचा आग्रह येथे आवरता घ्यावा. पावसाळ्यात वीज वारंवार जात असेल, तर हा बेत हिवाळ्यापर्यंत पुढे ढकललेला बरा.

२१/
कृती सोपी आहे. हवाबंद वेष्टन फोडून मासा शीतकपाटात रात्रभर सुटू द्यावा. धुतलेल्या वेगळ्या पाटावर, धारदार सुरीने दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. वाढण्याच्या वेळीच जाडे मीठ, कांद्याची पात, चमचाभर सोया सॉस, थोडे तिळाचे तेल आणि भाजून कुटलेले काजू हलक्या हाताने मिसळावेत; जंगली अक्रोडाच्या जागी काजू चालतात. शेवाळ न मिळाल्यास वगळावे, किनाऱ्यावरून अनोळखी शेवाळ आणू नये. भांडे बर्फावर ठेवावे. बाहेर दोन तासांहून अधिक, आणि उकाडा ३२ अंशांच्या वर असल्यास एका तासाहून अधिक राहिलेला मासा टाकून द्यावा.

२२/
सोबतीला भात हवा तर कर्जत परिसरातच भात संशोधनाचे जुने केंद्र आहे आणि ‘कर्जत’ नावाने ओळखले जाणारे वाण तेथूनच आले. जुनी रीत पाळायची तर अळकुड्या पूर्ण उकडून, सोलून कुटाव्यात. कच्च्या राहिल्या तर घसा खाजवतात. आजीला हे शिकवावे लागणार नाही. हवाईचा थोरला भाऊ तिच्या परसात केव्हाचा उभा आहे.

२३/
तिन्ही उत्तरे मिळाली नाहीत तर? मग आजीचा डबा उघडावा. सुकट निवडून, तव्यावर कुरकुरीत भाजून, डोकी-शेपट्या चुरडून काढाव्यात. बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, ओला नारळ, भिजवलेल्या आमसुलांचा कोळ आणि खोबरेल तेलाचे चार थेंब घालून लगेच वाढावे. गोव्यात अशाच पदार्थास ‘किसमूर’ म्हणतात, आपल्याकडे सुकटीची कोशिंबीर. समुद्राचा जीव, खारटपणा, कांदा आणि तेलकट फळाचा स्निग्धपणा, असा पोकेचा सारा मेळ त्यात आहे. फरक एवढाच की हवाईत जे काम जवळीक करते, ते येथे ऊन करते आणि शेवटी तवा त्यावर शिक्का मारतो.

२४/
तरीही हे दोन पदार्थ समान मानाने वाढले जात नाहीत. कच्च्या माशाचा वाडगा छायाचित्रासाठी मांडला जातो. सुकट भाजताना मात्र खिडक्या लावून घ्याव्या लागतात. शहरांतील गृहसंकुलांत सुक्या मासळीच्या वासावरून नाके मुरडली जातात. हा वास मिठागरात, खळ्यावर आणि डोक्यावरच्या पाटीखाली झिजलेल्या माणसांच्या श्रमाचा आहे, आणि त्याची लाज वाटायला लागली की आगोटीचे ज्ञान एका पिढीत पुसले जाते. कोणता बोंबील किती वाळला हे बोटांनी ओळखणारी आजी काही लिहून ठेवत नाही.

२५/
नातीने पोके जरूर करावे. नियम पाळून केले तर त्यात वावगे काही नाही. मात्र शेजारच्या वाडग्यात सुकटीची कोशिंबीरही ठेवावी आणि पाहुण्यांना दोन्हींची कुळकथा सांगावी. वाचकांपैकी ज्यांच्या घरी आगोट अजून भरली जाते, त्यांनी या मे महिन्यात आजीसोबत बाजारात जावे, ती काय पाहते, काय हुंगते, कोणता ढीग नाकारते ते विचारावे आणि तारीख घालून वहीत उतरवून ठेवावे. रायगडच्या अन्नाच्या इतिहासाचे ते अव्वल साधन ठरेल.